कोरा, बालाफोन आणि 71 पिढ्या: न लिहिता इतिहास कसा टिकतो?

19 जुलै 2024 रोजी मालीची राजधानी बामाको इथे टूमानी दियाबाते वारले. वय अवघं 58. कोरा नावाचं एकवीस तारांचं वाद्य जगभर पोचवण्यात त्यांचा वाटा फार मोठा. गिटारवादक अली फार्का तुरे यांच्याबरोबर त्यांनी दोनदा ग्रॅमीही मिळवलं होतं. त्यांच्याविषयी जे लिहून आलं त्यात एक वाक्य बऱ्याच ठिकाणी होतं: त्यांच्या घराण्यात बापाकडून लेकाकडे अशा 71 पिढ्या ही कला चालत आली.

वाचायला हे छान वाटतं, पण कागद-पेन्सिल घेऊन बसलं की घोळ होतो. एक पिढी पंचवीस वर्षांची धरली तर 71 पिढ्या म्हणजे 1775 वर्षं. ज्या माली साम्राज्याच्या कथा ही घराणी सांगतात, त्या साम्राज्याचीच स्थापना तेराव्या शतकातली, म्हणजे आठशे वर्षांपूर्वीची. आणि कोराचा जुन्यातला जुना छापील उल्लेख सापडतो तो 1799 सालचा. मुंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशाने आपल्या प्रवासवर्णनात अठरा तारांचं एक मोठं वाद्य म्हणून त्याची नोंद केली आहे.

मग 71 ही थाप म्हणायची का? तसं पटकन म्हणून मोकळं होता येतं. पण ही घराणी नेमकं काय सांभाळतात आणि त्यात वाद्याचं काम काय, हे कळल्याशिवाय तो निवाडा करण्यात अर्थ नाही.

जेली म्हणजे कोण?

पश्चिम आफ्रिकेत माली, गिनी, गांबिया, सेनेगल, गिनी-बिसाऊ या देशांत पसरलेला एक मोठा भाषासमूह आहे, त्याला मांदे म्हणतात. मांदे समाजात जन्मावरून काम ठरायचं. लोहार वेगळे, चांभार वेगळे, आणि शब्दांचं काम करणारे वेगळे. या शेवटच्यांना जेली म्हणतात. बाहेरचं जग त्यांना ग्रिओ म्हणतं, तो शब्द फ्रेंचांनी रूढ केला. मी इथे जेलीच म्हणणार आहे.

जेलींची आडनावं ठरलेली. कुयाते, दियाबाते, सिसोको, कानुते. आडनाव कळलं की माणूस कोणत्या घरचा ते कळतं. कुयाते हे तर केवळ जेलींचंच आडनाव मानतात.

जेली म्हणजे नुसता गायक नव्हे. राजाचा निरोप दुसऱ्या राजाकडे घेऊन जाणारा तोच. दोन घरांत भांडण झालं की मध्यस्थी त्याची. लग्नाची बोलणी त्याची. बारशाला येऊन बाळाच्या वाडवडिलांची नावं म्हणून दाखवणारा तोच. राजा स्वतः मोठ्याने बोलत नसे. तो हळू आवाजात सांगायचा आणि जेली ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचा. त्यामुळे जेलीचा मान होता आणि धाकही होता. ज्याला तुमच्या सात पिढ्यांची लफडी पाठ आहेत त्याच्याशी कोण वाकडं घेईल?

या जेलींची मुख्य वाद्यं तीन. कोरा हे त्यातलं एक. दुसरं न्गोनी, म्हणजे लाकूड कोरून कातडं ताणलेलं छोटं तंतुवाद्य. तिसरं बालाफोन: लाकडी पट्ट्यांचं, खाली भोपळे बांधलेलं, काठ्यांनी वाजवायचं. कोण कोणतं वाजवतो ते प्रदेशावर आणि घराण्यावर ठरतं. बायका परंपरेने गातात आणि हातात लोखंडी नळी धरून सळईने ताल देतात. मालीत तर गाण्यातली मोठी नावं बायकांचीच जास्त आहेत.

कोरा जवळून पाहिला तर

एक मोठा वाळलेला भोपळा उभा चिरून त्याचं अर्धुक घ्यायचं. त्याच्या तोंडावर गाईचं ओलं कातडं ताणून कडेने खिळे ठोकायचे. कातडं सुकलं की ढोलासारखं टणक होतं. भोपळ्यातून आरपार एक लांब लाकडी दांडा जातो, तीच मान. मानेच्या दोन बाजूंना दोन आखूड दांडके बसवलेले असतात, हातात धरण्यासाठी.

तारांची मांडणी मात्र वेगळी आहे. सतारीच्या किंवा गिटारच्या तारा कातड्याला किंवा फळीला समांतर एका रांगेत असतात. कोराची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, कातड्यावर उभी असते. तिच्या डाव्या कडेला अकरा खाचा, उजव्या कडेला दहा. त्यामुळे तारांच्या दोन उभ्या रांगा होतात, एक डाव्या हातासाठी आणि एक उजव्या. घोडी डिंकाने चिकटवलेली नसते. एकवीस तारांचा ताण तिला खाली दाबून धरतो. तारा सैल केल्या की घोडी हातात येते.

वादक भोपळ्याची पाठ लोकांकडे करतो आणि तारा स्वतःकडे ठेवतो. वाजवायला बोटं फक्त चार: दोन अंगठे आणि दोन तर्जनी. उरलेली बोटं दांडके धरून असतात. सुरांच्या पट्टीतले शेजारचे सूर बहुतेक आळीपाळीने डाव्या-उजव्या हाताला वाटलेले आहेत, म्हणून साधा आरोह वाजवायचा तरी दोन्ही हात एकमेकांत गुंफावे लागतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास वाटतं की दोघे-तिघे वाजवताहेत.

पूर्वी तारा हरणाच्या कातड्याच्या पिळलेल्या असत, आता मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याच्या असतात. सूर लावायला खुंट्या नव्हत्या. मानेला घट्ट विणलेली कातड्याची वलयं असायची, ती अंगठ्याच्या जोराने वर-खाली सरकवायची. आज बरेच वादक गिटारच्या किल्ल्या बसवतात. जुन्या लोकांना ते रुचत नाही, पण भर कार्यक्रमात स्वरपट्टी बदलायची वेळ आली की किल्ल्याच बऱ्या, असं माझं मत.

आणखी दोन बारीक गोष्टी. भोपळ्याच्या कुशीला एक भोक असतं, त्यातून आवाज बाहेर येतो आणि खूश झालेला श्रोता त्यातूनच नोटा आत टाकतो. घोडीला पुष्कळदा पत्र्याचा एक पातळ तुकडा लावतात, त्याच्या कडेला बारीक कड्या. तार छेडली की तो झिणझिणतो. बालाफोनच्या भोपळ्यांनाही भोकं पाडून त्यावर कोळ्याच्या अंड्यांच्या पिशवीचा पातळ पापुद्रा चिकटवत. आता सिगारेटचा कागद किंवा प्लास्टिक. तोही झणझणतो. युरोपातले ध्वनिमुद्रक सुरुवातीला हा आवाज दोष समजून काढायला जात. मांदे कानाला मात्र त्याशिवाय वाद्य मुकं वाटतं.

वाजवणं, गाणं आणि सांगणं

जेलीच्या सादरीकरणात तीन थर असतात. तळाला एक छोटं आवर्तन, पुन्हा पुन्हा फिरणारं. त्याला कुंबेंगो म्हणतात. त्यावर मधूनमधून वरच्या सुरांतून खाली कोसळणाऱ्या जलद ताना. आणि त्या सगळ्यावर आवाज, जो कधी गातो आणि कधी नुसता भरभर बोलतो. बोलणं सुरू झालं की तळाचं आवर्तन चालूच राहतं.

पोवाडा ऐकलेल्याला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. शाहीर गाता गाता थांबून गद्यात प्रसंग सांगतो, तुणतुणं मागे चालूच असतं, आणि झीलकरी ‘जी जी रं जी’ ओढून त्याला दम घेऊ देतात. मांदे कथनातही असा एक माणूस असतो. जेलीच्या प्रत्येक ओळीनंतर तो ‘नामू’ म्हणतो, म्हणजे ‘खरं आहे’, ‘बरोबर’. तो नसेल तर चांगले जेली सांगायला बसतच नाहीत. फरक वाद्याच्या कामात आहे. तुणतुणं आधाराचा सूर देतं आणि तेच तुणतुणं कोणत्याही वीराच्या पोवाड्याला चालतं. कोराचं आवर्तन मात्र ज्याच्या त्याच्या मालकीचं असतं.

सूर म्हणजे नाव

मांदे परंपरेत प्रत्येक मोठ्या माणसाची, प्रत्येक मोठ्या घराण्याची स्वतःची एक धून आहे. सुंजाता राजाची वेगळी, त्याच्या सेनापतीची वेगळी, शिकाऱ्यांची वेगळी, आणि जेलींची स्वतःची एक. वादकाने पहिली चार-सहा तारांची छेड काढली की जाणत्याला कळतं आता कुणाचं नाव निघणार. शब्द नंतर येतात, किंवा येतही नाहीत.

कोरा शिकणाऱ्या मुलाला सुरुवातीलाच जी धून देतात ती केलेफा साने या योद्ध्याची. तो काबू राज्यातला, एकोणिसाव्या शतकातला मानतात. कथा अशी की त्याच्या जेलीला कोरा एका जिन्नाकडून मिळाला, आणि तोच जगातला पहिला कोरा. आता तारखा पाहा: केलेफा एकोणिसाव्या शतकातला आणि मुंगो पार्कने वाद्य नोंदवलं ते त्याआधी. म्हणजे ‘पहिला कोरा’ ही गोष्ट वाद्याच्या जन्माबद्दल फारसं काही सांगत नाही. कोराच्या वादनपरंपरेत मानाचं पान कुणाचं, हे मात्र ती पक्कं सांगते. जेलींच्या कथांतून काय मिळतं आणि काय नाही, याचं हे चांगलं उदाहरण.

धून नावाला किती चिकटलेली असते ते गिनी देशाच्या राष्ट्रगीतात दिसतं. आल्फा याया हा लाबे प्रांताचा राजा. फ्रेंचांनी 1905 मध्ये त्याला पकडून दाहोमेला, म्हणजे आजच्या बेनिनला, हद्दपार केलं. परत आल्यावर 1911 मध्ये पुन्हा पकडलं, या वेळी मॉरिटानियाला पाठवलं, आणि तिथेच 1912 मध्ये तो वारला. जेलींनी त्याची धून वाजवणं चालू ठेवलं. 28 सप्टेंबर 1958 रोजी फ्रान्सने आपल्या वसाहतींना मतदानाने विचारलं, आमच्याबरोबर राहता का? एकट्या गिनीने ‘नाही’ म्हटलं आणि चार दिवसांत तो देश स्वतंत्र झाला. राष्ट्रगीताची चाल निवडली ती आल्फा यायाची. गीताच्या शब्दांत राजाचं नाव नाही. जाणत्याला ते चालीतच ऐकू येतं.

गांबियातही तसंच. 1965 मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाच्या राष्ट्रगीताची चाल फोदे काबा दुंबुया या मांदिंका नेत्याच्या जुन्या गाण्यावरून घेतली आहे. हा माणूस ब्रिटिश आणि फ्रेंच दोघांशी लढला आणि 1901 मध्ये मारला गेला. इंग्रजी शब्द, आणि खाली इंग्रजांशी लढलेल्याची धून. याहून चपखल मिश्कीलपणा मुद्दाम करायला गेलं तरी जमला नसता.

बालाफोनवरून पेटलेली लढाई

मांदे कथांचा कणा म्हणजे सुंजाता केइताचं आख्यान. तो माली साम्राज्याचा संस्थापक, आणि त्याने सोसोचा राजा सुमाओरो कांते याला किरिना इथे हरवलं ते 1235 च्या सुमारास. आख्यान मोठं आहे, रात्री जागवणारं. दोनच प्रसंग सांगतो.

पहिला लहानपणीचा. सुंजाता पायाने अधू, सात वर्षांचा झाला तरी रांगतो. त्याची आई सोगोलोन कालवणात घालायला बाओबाबची पानं सवतीकडे मागायला जाते. सवत म्हणते, माझा मुलगा झाडावर चढून पानं आणतो, तुझ्याकडे कोण आहे? आई रडत घरी येते. मुलगा म्हणतो, आज मी चालणार. लोहाराकडून एक जाडजूड लोखंडी कांब मागवतो, तिच्या आधाराने उठतो, कांब वाकून धनुष्यासारखी होते. मग जाऊन बाओबाबचं अख्खं झाड उपटतो आणि आईच्या दारात आणून टाकतो.

दुसरा प्रसंग वाद्याचा. सुमाओरो हा लोहार-राजा, मंत्रतंत्रवाला. त्याच्या गुप्त खोलीत एक बालाफोन असतो, ज्याला त्याच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. सुंजाताचा जेली बाला फासेके याला सुमाओरो आपल्याकडे अडकवून ठेवतो. एके दिवशी राजा बाहेर गेलेला असताना बाला फासेके त्या खोलीत शिरतो आणि काठ्या उचलून वाजवू लागतो. राजा कितीही लांब असला तरी आपल्या बालाफोनला हात लागलेला त्याला कळतो. तो संतापून धावत येतो. जेली क्षणही न दवडता त्याच आवर्तनावर राजाची स्तुती रचतो. राजा विरघळतो आणि म्हणतो, आजपासून तू माझा जेली. पण जेली हा वस्तूसारखा काढून घेता येत नाही, तो घराण्याचा असतो; आणि मांदे समजुतीप्रमाणे सुंजाताच्या व सुमाओरोच्या वैराचं एक मोठं कारण हेच.

किरिनाच्या लढाईनंतर तो बालाफोन कुयातेंकडे गेला, असं आख्यान म्हणतं. आणि तो आजही दाखवतात. गिनीच्या उत्तरेला न्यागासोला नावाच्या गावात दोकाला हे कुयाते कुटुंब ‘सोसो बाला’ सांभाळतं. लांबी सुमारे दीड मीटर, पट्ट्या वीस. तो सणासुदीला, म्हणजे मुस्लिम नववर्षाला किंवा विशिष्ट अंत्यविधींना, कुटुंबाचा प्रमुखच वाजवतो. घरातली मुलं सातव्या वर्षापासून बालाफोन शिकतात, पण साध्या. युनेस्कोने 2001 मध्ये या वारशाला मान्यता दिली.

लाकूड आठशे वर्षांचं आहे का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. भोपळे, दोऱ्या, पापुद्रे तर बदलावेच लागतात. पण त्या गावात हा प्रश्न वाद्यापेक्षा माणसांबद्दल विचारला जातो: वाजवणारा कुयाते आहे का, त्याला वाजवायचा अधिकार कुणी दिला, आणि त्याला कुणी.

बोलणारे ढोल म्हणजे हेच का?

नाही, ही वेगळी गोष्ट आहे आणि दोन्हींची नेहमी गल्लत होते. कोरा धुनेतून नावाची आठवण देतो. बोलणारा ढोल शब्दशः वाक्यं बोलतो.

आफ्रिकेतल्या बऱ्याच भाषांत स्वराची उंची बदलली की शब्दाचा अर्थ बदलतो. नायजेरियातल्या योरुबा भाषेत अशा तीन पातळ्या आहेत. योरुबांचा डमरूच्या घाटाचा ढोल काखेत धरतात. त्याच्या दोऱ्या दाबल्या की सूर चढतो, सोडल्या की उतरतो. त्यामुळे वाक्याची चढउतार जशीच्या तशी ढोलावर काढता येते. मराठीत हे जमणार नाही, कारण आपल्याकडे सूर बदलला तर भाव बदलतो, शब्द तोच राहतो.

पण नुसत्या चढउतारावरून शब्द ओळखायचा कसा? एकाच चढउताराचे कितीतरी शब्द असणार. काँगो नदीकाठच्या लोकेले लोकांनी यावर काढलेली तोड मला फार आवडते. त्यांचा ढोल म्हणजे पोखरलेला ओंडका, सूर दोनच. त्यावर ‘चंद्र’ म्हणायचं तर ते नुसतं ‘चंद्र’ वाजवत नाहीत, ‘चंद्र पृथ्वीकडे बघतो’ असं वाजवतात. कोंबडीलाही अशीच लांबलचक, ठरलेली शेपटी. वाक्य लांबलं की चढउताराचा नमुना एकमेव होतो आणि गोंधळ मिटतो. इंग्रज मिशनरी जॉन कॅरिंग्टन यांनी ही पद्धत शिकून घेऊन 1949 मध्ये ती सविस्तर मांडली, तेव्हा कुठे बाहेरच्यांना उलगडा झाला.

ढोल निरोप नेऊ शकतात याची धास्ती मात्र मळेवाल्यांना दोनशे वर्षं आधीच बसली होती. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनामध्ये 1739 साली गुलामांचं बंड झालं, आणि पुढच्याच वर्षी कायदा करून गुलामांना ढोल व शिंगं बाळगायला बंदी घातली. तंतुवाद्यांवर तशी वक्रदृष्टी नव्हती. भोपळ्यावर कातडं ताणलेली पश्चिम आफ्रिकी वाद्यं तिकडे टिकली, आणि त्यांतूनच बॅन्जो घडला.

आपल्याकडे आफ्रिकी वाद्य म्हटलं की सिद्दी आठवतात. गुजरातेतले सिद्दी मलुंगा नावाचं भोपळा लावलेलं एकतारी धनुष्य वाजवतात, आणि मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी तर आपल्याला इतिहासातूनच माहीत. पण त्यांचं मूळ पूर्व आफ्रिकेतलं. जेलींचा मुलूख खंडाच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे थेट नातं जोडू नये.

पण हे सगळं खरं कशावरून?

हा आक्षेप रास्त आहे. त्यावर काही लेखी पुरावा आहे आणि तो जेलींना पुष्कळसा साथ देतो.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1352-53 मध्ये मालीच्या मन्सा, म्हणजे राजा, सुलेमानच्या दरबारात गेला होता. त्याने दुघा नावाच्या दुभाष्याचं वर्णन केलंय: खाली छोटे भोपळे लावलेलं वाद्य तो वाजवतो आणि राजाची स्तुती गातो. हा बालाफोनच. पुढे तो सांगतो की पिसांचा वेश केलेले, लाकडी चोच लावलेले कवी येतात आणि राजाला म्हणतात, या आसनावर पूर्वी अमुक राजा बसला होता, त्याने अमुक चांगलं केलं. तूही असं काही कर की तुझ्या मागे ते सांगितलं जाईल. इब्न बतूताला तो वेश हास्यास्पद वाटला होता, पण काम हुबेहूब आजच्या जेलीचं आहे. त्याच शतकात अरब इतिहासकार इब्न खल्दूनने मालीच्या राजांची यादी लिहिली. तीत मारी जाता नावाचा राजा आहे, सोसोंना जिंकणारा. हाच सुंजाता. म्हणजे माणूस खरा आणि विजयही खरा. झाड उपटल्याची नोंद कुठे नाही.

दुसरीकडे घसरगुंडीही आहे. 1976 साली अमेरिकेत अ‍ॅलेक्स हेली यांचं ‘रूट्स’ हे पुस्तक आलं आणि प्रचंड गाजलं. गांबियातल्या जुफुरे गावात एका वृद्धाने कुंटा किंटेची वंशावळ सांगितली, तीच आपल्या पूर्वजाची, असं त्यात होतं. पुढे इतिहासकारांनी चौकशी केली तेव्हा आढळलं की सांगणारा माणूस जेली घराण्यात वाढलेला नव्हता, आणि पाहुण्याला काय ऐकायचं आहे याची कल्पना त्याला आधीपासून होती. तरी 2011 मध्ये गांबियाने जवळच्या बेटाला कुंटा किंटेचं नाव दिलं.

तेव्हा नियम साधा: एकाच जेलीचं ऐकून इतिहास लिहू नये. निरनिराळ्या घराण्यांच्या, एकमेकांशी हितसंबंध नसलेल्या आवृत्त्या शेजारी ठेवाव्यात आणि सगळीकडे काय सारखं येतं ते पाहावं. सुंजाताचं आख्यान 1960 मध्ये जिब्रिल तामसिर नियान यांनी फ्रेंचमध्ये आणलं ते मामादू कुयाते या एका जेलीच्या तोंडून. नंतर नोंदवलेल्या इतर आवृत्त्यांत पुष्कळ तपशील बदलतात, पण सोगोलोन, लोखंडी कांब, बालाफोन, किरिना या गोष्टी हलत नाहीत.

आणि 71? मला वाटतं तो आकडा वंशवृक्षातली फांदी मोजून आलेला नाही. जेली तारखा सांभाळत नाहीत. ते नावं, नाती आणि कोणाचं कोणाला देणं लागतं ते सांभाळतात. ‘आम्ही या कामावर कधीपासून आहोत’ याचं उत्तर म्हणून 71 ऐकावं, जन्मनोंदणी म्हणून ऐकू नये.

पैसे घेऊन स्तुती करणाऱ्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

मांदे लोकही हेच विचारतात, आणि जेलींवर त्यांचे विनोदही भरपूर आहेत. लग्नात नाव घेऊन गात सुटलेल्या जेलीसमोरून नोट न काढता निसटणं अवघड. सत्ताधाऱ्यांनीही त्यांचा वापर केला. गिनीचे पहिले अध्यक्ष सेकू तुरे स्वतःला सामोरी तुरे या फ्रेंचांशी लढलेल्या राजाचे वंशज म्हणवत, आणि त्यांच्या काळात सरकारी वाद्यवृंद सामोरीचं आख्यान आधुनिक गिटार-ट्रम्पेटवर गात होते. ऐकणाऱ्याला संदेश पुरेसा स्पष्ट होता.

पण चारचौघांत केलेली स्तुती हे ओझंही असतं. तुझ्या पणज्याने दुष्काळात कोठार उघडलं, असं गावासमोर गाऊन झाल्यावर पणतूला हात आखडता घेता येत नाही. इब्न बतूताने पाहिलेले पिसांचे कवी नेमकं हेच करत होते.

रेकॉर्ड करून ठेवलं की काम झालं?

धून उरेल, पण ती वाजवण्याचं निमित्त रेकॉर्डमध्ये ठेवता येत नाही. जेलीला बारसं लागतं, लग्न लागतं, देणारं घर लागतं. 2012 मध्ये उत्तर मालीत सशस्त्र कट्टरपंथी गटांनी टिंबक्टू, गाओ, किदाल ताब्यात घेतलं तेव्हा त्यांनी संगीतावरच बंदी घातली. वाद्यं जाळली, मोबाइलच्या रिंगटोनसुद्धा चालेनात. गाणाऱ्यांना दक्षिणेला पळावं लागलं. रेकॉर्ड सगळ्या जगात उपलब्ध होते, आणि ज्यांच्यासाठी ते गाणं होतं त्यांच्या घरात ते वाजत नव्हतं.

वाद्यही नाजूक. फेब्रुवारी 2020 मध्ये मालीचे कोरावादक बालाके सिसोको न्यूयॉर्कहून पॅरिसला आले आणि पेटी उघडली तर त्यांचा कोरा सुटा झालेला: मान वेगळी, तारा निघालेल्या, घोडी बाजूला पडलेली. विमानतळ सुरक्षेवाल्यांनी तो उघडला असा आरोप झाला, सुरक्षा यंत्रणेने तो नाकारला. हा खास त्यांच्यासाठी, त्यांच्या हाताप्रमाणे बनलेला कोरा होता. दुकानातून दुसरा घेऊन पुढचा कार्यक्रम करता येत नाही.

काही गोष्टी बदलताहेत. जेली घराण्यातल्या मुलींनी कोरा हातात घ्यायचा नाही अशी रीत होती. लंडनमध्ये जन्मलेल्या सोना जोबार्ते यांनी ती मोडली आणि गांबियात मुलांसाठी शाळाही काढली. तिथे नेहमीच्या विषयांबरोबर वाद्यंही शिकवतात. घराण्याबाहेरच्यांना शिकवावं का, धून कागदावर लिहून द्यावी का, यावर जेलींमध्ये एकमत नाही. लिहून दिली की ती सगळ्यांची होते, आणि मग बारशाला जेलीला बोलवायचं कशाला, हा त्यांचा प्रश्न पोटाचाही आहे.

ऐकायला सुरुवात करायची तर टूमानी दियाबाते आणि बालाके सिसोको यांचं ‘न्यू एन्शंट स्ट्रिंग्ज’ घ्या. दोघांचे वडील 1970 च्या ‘एन्शंट स्ट्रिंग्ज’वर एकत्र वाजले होते. मुलांनी 1997 मध्ये बामाकोत बसून स्वतःची जोडवादनं रेकॉर्ड केली, ती 1999 मध्ये बाहेर आली. त्यात एकही शब्द नाही. पहिल्यांदा वरच्या तानांच्या मागे जाऊ नका; अंगठ्यांनी वाजणारं खालचं आवर्तन धरा, ते दोन-तीनदा फिरलं की गुणगुणता येईल इतकं लहान असतं. ते कानात बसलं की मग ताना ऐका.